माकडाला चाललं, शिक्र्याला नाही

बीड जिल्ह्यात हवापालटाला कुणी जात नाही. मी चौसाळ्याला निघाले म्हटल्यावर वाईतल्या माझ्या शेजारणीने 'तिकडे कोण आजारी आहे?' असं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, एक माकड आणि एक शिक्रा बघायला चालले आहे. निवृत्तीनंतर माणसाचं काय होतं ते कळल्यासारखी तिने मान हलवली आणि डब्यात चार लाडू जास्तीचे घातले.

बोलावणं विशाखाचं होतं. तिचे वडील बदलीच्या नोकरीत साताऱ्याला होते, तेव्हा ती माझ्याकडे प्राणिशास्त्र शिकली. आता चौसाळ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. मे महिन्यात तिचा फोन आला होता. शेजारच्या जुबेदा चाचींच्या अंगणातल्या कडुलिंबाची फांदी विजेच्या तारांना लागत होती म्हणून तोडली, तिच्याबरोबर घरटं खाली आलं आणि शिक्र्याचं, म्हणजे ससाण्यासारख्या लहान शिकारी पक्ष्याचं, एक पिल्लू तेवढं वाचलं. त्याच चाचींकडे आधीपासून माकडाचं एक पोर होतं. त्याची आई हायवेवर गाडीखाली गेली होती. वनरक्षक येऊन दोघांची नोंद करून गेले, पण केंद्रात जागा होईपर्यंत तुम्हीच सांभाळा म्हणाले. माकड खातंय सगळं, शिक्र्याला काय द्यायचं? चाची विचारतायत, कोंबडीचं पिल्लू पंख-हाडासकट कुटून घालू का?

गॅसवर आमटी उकळत होती. मी म्हटलं, "छे, हाड घशात अडकेल. मांस स्वच्छ करा, हाड काढा, बारीक तुकडे द्या." उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन मिनिटांत फोन संपला आणि मी तो विसरूनही गेले.

जुलैत विशाखाने पुन्हा फोन केला. मुलं शाळा सुटल्यावर दोघांना बघायला जातात, त्यांच्यासाठी 'माकड आणि शिक्रा: साम्य आणि फरक' असा तक्ता करायचा आहे, तुम्हीच या. मला कुणी शिकवायला बोलावलं की मी नाही म्हणत नाही, हा माझा जुना दोष आहे. एसटीतच मी वहीत दोन रकाने आखले. दोघांचे डोळे समोर. दोघांची पकड घट्ट. माकडाचा पंजा वस्तू उलटीसुलटी करून बघतो, शिक्र्याचा पंजा एकदा मिटला की बघण्याचं काम संपलं. माकड आईला बघून शिकतं, शिक्रा जन्मतःच शिकून आलेला असतो. हे शेवटचं वाक्य मी दुहेरी रेघेने अधोरेखित केलं होतं.

चौसाळा, गुरुवार

हल्ली गाड्या गावात शिरत नाहीत. कंडक्टरने मला बायपासच्या पुलाखाली उतरवलं आणि 'हे काय गाव, समोरच' म्हणाला. समोर सोयाबीनचं रान होतं. पिशव्या सांभाळत चिखलातून अर्धा तास चालले. एका ठिकाणी डावी चप्पल चिखलात रुतली, ती उपटताना तिचा पट्टा तुटला. विशाखाच्या दारात मी एक पाय अनवाणी अशी पोचले. तिने हसू आवरलं, मला ते दिसलं, आणि प्रवासाचा शीण तिथेच थोडा उतरला.

तिने ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की अशी दाट, काळपट आमटी होते की डाळ शोधावीशी वाटत नाही. आमच्याकडे गूळ घातल्याशिवाय आमटीला आमटी म्हणत नाहीत. मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा विशाखा म्हणाली, "मॅडम, गूळ देऊ?" मी नको म्हटलं.

दुपारी आम्ही शेजारी गेलो. जुबेदा चाची साठीच्या, उंच, मोठ्या हाडाच्या. त्यांचे यजमान गफूर चाचा हायवेच्या कडेला फळांचा गाडा लावतात. पण त्या दिवशी ते भर दुपारी ओसरीवर उशीला टेकून बसले होते आणि चाची त्यांना पाणीसुद्धा हातात आणून देत होत्या. मला वाटलं, ताप असेल.

माकडीण माझ्या आधी पुढे आली. चाचींनी तिला मुन्नी म्हटलं होतं. या भागात काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरंच जास्त. ही त्यांच्याहून लहान चणीची, तांबूस चेहऱ्याची, आणि डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे. ती सरळ माझ्या खांद्यावर चढली आणि माझ्या पांढऱ्या केसांत उवा शोधू लागली. तीन-चार वेळा बोटं तोंडात घालून चाखून पाहिली. काही सापडलं नाही हे विशाखासमोर सिद्ध झालं म्हणून मला बरंच वाटलं. ती काय खाते विचारलं तर चाचींनी बोटं मोजली. केळाची सालं, भाकरी, मुंग्या, चुलीतली राख, भिंतीचा पोपडा, साबणाचा एक तुकडासुद्धा. "सगळं खाती. देलेलं बी आन् न देलेलं बी."

मग त्यांनी आतल्या खोलीतून टोपली आणली. तिच्यावर धुतलेलं पांढरं फडकं होतं. "आन् हा आमचा मेहमान," त्या म्हणाल्या.

शिक्रा मोठा झाला होता. छातीवर तपकिरी रेघा, पिवळा होत चाललेला डोळा, ती जगाचा राग आल्यासारखी नजर, सगळं जिथल्या तिथे. पण तो उभा नव्हता. पाय दुमडून, नडग्या जमिनीला टेकून, मांडी घातल्यासारखा बसला होता. मी बोट लावलं तर पायाचं हाड किंचित वाकलं. एक पंखही जरा खाली लोंबत होता. चाची सांगत होत्या की रोज ताजं मांस आणते, हाडाचा कणसुद्धा राहू देत नाही, बाईंनी सांगितलं तसंच करते. "पर तीन हप्ते झाले, उभाच राहीना."

ऐकताना माझे कान गरम झाले. शिक्रा रानात भक्ष्य हाडा-पिसांसकट खातो, त्या हाडांवरच त्याची हाडं होतात. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी नीट उत्तर लिहिलं असतं. फोनवर मात्र मी एखाद्या आजीने नातवाला भरवावं तसं सांगितलं होतं. आणि चाचींनी मुळात जे विचारलं होतं, तेच बरोबर होतं.

"बघू, उद्या जरा खाणं बदलू," एवढं म्हणून चहा प्यायले.

चौसाळा, शुक्रवार

दुसऱ्या दिवशी न्याहारीला चाचींकडे बोलावणं होतं. खिचडी आणि खट्टा. चिंचेचं पातळ आंबट कालवण, त्यात तीळ आणि शेंगदाण्याचं कूट, वर कच्चा कांदा. आम्ही खिचडी करतो ती पोट बिघडल्यावर किंवा स्वयंपाकाचा कंटाळा आल्यावर. इथे तो घरच्यांनी एकत्र बसून खायचा पदार्थ आहे. गफूर चाचांना मात्र चाचींनी वेगळी, बिनमिठाची वाढली. त्यांनी माझ्याकडे बघून हताश डोळे मिचकावले.

खाणं झाल्यावर चाची वाटीत मांसाचे तुकडे घेऊन गच्चीवर गेल्या. दर शुक्रवारी त्या घारींना मांस घालतात. कुणाच्या जिवावरचं टळावं म्हणून असा सदका करायची इकडच्या बऱ्याच मुसलमान घरांत रीत आहे. चाचींनी एक तुकडा उंच फेकला. आभाळ रिकामं होतं, आणि पुढच्या क्षणी त्यात चार घारी होत्या. तुकडा खाली येईपर्यंत एकीने तो पायात झेलला आणि उडता उडताच चोचीला लावला. मी आयुष्यभर घारींची चित्रं फळ्यावर काढली, पण इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होते. चाची हसल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते.

खाली आल्यावर विशाखाने मला सगळं सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी गफूर चाचांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून हा शुक्रवारचा सदका. मेमध्ये शिक्र्याचं पिल्लू अंगणात पडलं तेव्हा चाचींना वाटलं, ज्यांना आपण वर बघून घालतो त्यांच्यातलंच एक लेकरू आपल्या दारात पाठवलंय. त्याला त्या मेहमान म्हणू लागल्या. तो वाढला तसा त्यांचा जीव शांत झाला, चाचा गाड्यावरसुद्धा जाऊ लागले. आणि मग तो उभा राहीना. त्या दिवसापासून चाचींनी चाचांना उंबरा ओलांडू दिलेला नाही. डॉक्टर म्हणतात तब्येत उत्तम आहे. चाची म्हणतात, आधी तो उभा राहू दे.

"मॅडम, त्यांना वाटतंय सदका कबूल झाला नाही," विशाखा म्हणाली.

मी तिला विचारलं, फोनवर मी काय सांगितलं होतं ते आठवतंय ना. तिला आठवत होतं. तिने कालच ओळखलं होतं, पण जुन्या बाईंना कसं म्हणायचं म्हणून गप्प होती. आम्ही दोघी शाळेतल्या चोरट्या पोरींसारख्या एकमेकींकडे बघत राहिलो.

दिवसभर मग दुरुस्तीचा खटाटोप. कोंबडीची मेलेली पिल्लं मिळवली, ती पिसा-हाडांसकट कापून दिली. चाचींनी तोंडाला पदर लावला, पण काही विचारलं नाही. टोपली उन्हात ठेवली. शिक्र्याने पहिलाच घास असा ओढून घेतला की माझं बोट सोलवटलं. मला ते फार बरं वाटलं. तेवढ्यात मुन्नीने उरलेलं एक पिल्लू पळवलं, हुंगलं, पिसं उपटून इकडेतिकडे फेकली आणि कंटाळून ते चाचांच्या चपलेत ठेवून दिलं.

मी वहीतला तक्ता काढून वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण मुख्य फरक लिहायचा राहिला होता. माकडाचं पोट माणसाच्या चुका पचवतं. आपण वेड्यासारखं काहीही घातलं तरी ते राखेतून, भिंतीतून, मुंगीतून आपली कमतरता भरून काढतं. शिक्र्याला एकच गोष्ट लागते आणि ती पूर्णच लागते. त्याच्यावर माया करायची तर आधी त्याचं ऐकून घ्यावं लागतं. हे मुलांसाठी लिहायला हवं होतं, पण पेन उचलवेना.

बीड, शनिवार

शिक्र्याला घेऊन विशाखा आणि मी बीडला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मांजरसुंब्याच्या घाटात शनिवार म्हणून गाड्या थांबवून लोक माकडांना केळी आणि फुटाणे घालत होते. एक गृहस्थ हात जोडून उभे होते आणि त्यांच्या पाठीमागे एक हुप्प्या वानर शांतपणे त्यांच्या पिशवीचा तळ फाडत होता. मला कालची गच्ची आठवली. तिकडे शुक्रवार, इकडे शनिवार. दोन्हीकडे घालणाऱ्याचं चित्त घासावर कमी आणि आपल्या मागण्यावर जास्त. यात मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही त्या दिवशी फोनवर शिक्र्याचा विचार केला नव्हता, मला चटकन उत्तर येतं याचाच केला होता.

डॉक्टर तरुण होते, हाताने हळुवार. त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडाकडे धरून दाखवला. पाय सुधारतील, महिन्या-दोन महिन्यांत उभा राहील. पण पंखाचं मऊ हाड मधेच चिरलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. उडणार नाही. त्याला केंद्रात ठेवावं लागेल, जगेल तोवर. काय खायला घालत होता असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"ने मला जे लागलं ते दोन कानशिलात बसल्या असत्या तरी लागलं नसतं.

परत येताना बसमध्ये विशाखा म्हणाली की चाचींना इतकंच सांगू, डॉक्टरांनी ठेवून घेतलाय, बरा होतोय. नाहीतर त्या चाचांना आयुष्यभर खाटेवरून उठू देणार नाहीत. मला ते फार सोयीचं वाटलं. घरी जाऊन मी चाचींना तेच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "उडंल ना?" मी म्हटलं, बघू या. आणि त्यांनी माझ्यासाठी केलेली खीर मी खाल्ली.

पाली, रविवार

मुन्नीला सोडायचं ठरलं होतं. वनरक्षक सानपांनी पालीजवळ, बिंदुसरा धरणाच्या वरच्या अंगाला, तिच्याच जातीची एक टोळी हेरून ठेवली होती. पोर लहान आहे तोवरच टोळी घेते, उशीर झाला की मारून काढते, असं त्यांचं म्हणणं. चाचींनी येण्याचा हट्ट धरला. पहाटेच निघालो. सीताफळीच्या झुडपांमध्ये पिंजरा ठेवला, सानप आणि विशाखा टोळीच्या मागावर वर गेले, आणि आम्ही दोघी लांब एका दगडावर बसून राहिलो. खाली धरणाचं पाणी गढूळ आणि स्वस्थ. मुन्नी पिंजऱ्याच्या तारेतून हात काढून गवत उपटत होती.

एक तास झाला तरी टोळी आली नाही. चाचींनी कपड्यात बांधलेली भाकरी काढली, मला अर्धी दिली आणि म्हणाल्या, मेहमान उपाशी तर राहिला नसेल ना दवाखान्यात? तिथे माझ्याच्याने राहवलं नाही.

मी म्हटलं, "चाची, तो उडणार नाही. डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि हे झालं ते माझ्यामुळे झालं. हाडं काढून द्या असं मी सांगितलं, ते चूक होतं. त्याची हाडं बनायला हाडंच लागतात."

त्यांनी हातातली भाकरी कपड्यावर ठेवली.

"मी तर इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "पंख-हाडासकट देऊ का म्हनून."

"हो. तुमचं बरोबर होतं."

"मंग..." त्या थांबल्या. "मंग सदका नाकबूल झाला, असं न्हाई ना?"

"नाही, चाची. त्याच्या पायांचा आणि चाचांचा काही संबंध नाही. त्याला खायला चुकीचं मिळालं, एवढंच."

त्या रडल्या. आवाज न करता, तोंड फिरवून, पण पाठ हलत होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे मला ठरवता आलं नाही. मग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या, तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. ते मला रडण्यापेक्षा सोपं गेलं.

"तीन हप्ते मी त्या मानसाला घराभाईर पाऊल टाकू देलं न्हाई. तो निजला की छातीवर हात ठिवून बघायचे मी, हाय का न्हाई. तुमाला ठाऊक नव्हतं तर ठाऊक न्हाई म्हनायचं होतं, बाई. आमी दुसऱ्या कुनाला इचारलं असतं."

मी मान खाली घातली. तीस वर्षं वर्गात उभी राहिले. कुणी प्रश्न विचारला आणि मी 'माहीत नाही' म्हटलं, असा एकही दिवस आठवेना. येत नसेल तेव्हा आवाज चढवायचा आणि पुढच्या मुद्द्याकडे जायचं, ही माझी रीत होती. मुलं ते लिहूनही घेत. मला त्या दगडावर मनापासून लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. चाचींनी मात्र थोड्या वेळाने उरलेल्या भाकरीतला मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

टोळी आली ती आवाज न करता. आधी एक झुडूप हललं, मग आणखी एक, आणि बघता बघता पंधरा-वीस माकडं पिंजऱ्याच्या भोवती बसली होती. मुन्नी तारेला चिकटून चीं चीं करू लागली. सानपांनी लांबून दोरी ओढून दार उघडलं. ती बाहेर आली, आणि आली ती सरळ आमच्या दिशेने. चाचींनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती. त्या हलल्या नाहीत, हाक मारली नाही, उलट पदर ओढून चेहरा झाकून घेतला.

मुन्नी अर्ध्या वाटेत थांबली. तेवढ्यात एक मध्यम वयाची माकडीण पुढे आली, तिने मुन्नीला शेपटीकडून मागे ओढलं, उलटं केलं, हुंगलं आणि पोटाशी दाबून धरलं. मुन्नीने एकदा अंग आक्रसलं आणि मग तिच्या केसांत दोन्ही मुठी घट्ट वळल्या. माकडीण तिला घेऊन उतारावर चढली. बाकीची मागोमाग गेली. सीताफळीची पानं थोडा वेळ हलत राहिली.

चाचींनी पदर बाजूला केला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. त्या उभ्या राहिल्या, डोंगराकडे बघत.

"याद ठिवंल का ती आमाला, बाई?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. माकडांची स्मरणशक्ती यावर मी अख्खा तास घेत असे, आणि चाचींना बरं वाटेल असं त्यात पुष्कळ होतं. विशाखा वरून उतरत होती, तीही माझ्याकडे बघत थांबली.

"मला माहीत नाही, चाची," मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि वाकून रिकाम्या पिंजऱ्याची एक बाजू उचलली. "धरा तिकून."

मी दुसरी बाजू धरली.